आपण दोघी मिळून एक

आक्का, परवा चावडीत तुझं नाव कमी झालं. तलाठ्यानं पट्टी धरून तांबड्या शाईची रेघ मारली, तिच्यावर फुंकर घातली आणि म्हणाला, "झालं. आता तुम्ही एकट्याच." तो जमिनीबद्दल बोलत होता.

मी घरी आले, चूल पेटवली, भाकरी थापल्या. रडले नाही. तुला ठाऊक आहे, मला ते नीट जमत नाही. तेराव्याला भावकीतल्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या, "सवत गेल्यावर कुठली रडती?" त्यांना उत्तर द्यायला तू हवी होतीस. तू म्हणाली असतीस, "ती नवरा मेल्यावर तरी कुठं रडलीती?" आणि मग माझ्या दंडाला चिमटा काढून, "रड की गं जरा, लोकं बगत्यात."

तुला वाचता येत नव्हतं, आणि मी वाचून दाखवलेलं तुला कधी पटलं नाही. तरी लिहिते आहे, कारण एक बोलणं अर्धं राहिलं आहे आणि त्यावरच मला दत्तोबाला उत्तर द्यायचं आहे. आपला हा चुलत दीर तुझ्या दुखण्यात चांगला वागला, हे आधी सांगते. निपाणीहून डॉक्टर त्यानंच आणला, खांदाही त्यानंच दिला. आता त्याचं म्हणणं आहे की त्याच्या नातवाला मी मांडीवर घ्यावं, दत्तक करावं. दत्तक झाला की त्या दिवसापासून शेत, विहीर, घर सगळं त्या मुलाचं, आणि मला अन्नवस्त्र. नाही घेतला तर मरेपर्यंत मालकी माझी. तीही विधवेची मालकी, विकायची नाही, कुणाला दान द्यायची नाही. पण शेतात काय लावायचं, कुणाला खंडानं कसायला द्यायचं, दार कधी उघडायचं, हे मी ठरवायचं. माझ्यामागं ते तसंही दत्तोबाच्याच घरात जाणार आहे. त्याला फक्त तोवर थांबायचं नाही.

सोमवारपर्यंत सांग, असं म्हणून गेला आहे.

*

मला पाहायला तू आलीस तेव्हा बरोबर नवरा नव्हता. तू होतीस, सासू होती आणि गाडीवान होता. येळ्ळूरात आमच्या वडिलांना, ते शाळामास्तर असूनही, काय बोलावं ते सुचेना. पहिली बायको स्वतःच्या सवतीला बघायला आलेली त्यांनी पाहिली नव्हती. तू मला गाणं विचारलं नाहीस की स्वयंपाक विचारला नाहीस. "तंबाखूची पानं खुडाय येत्यात का?" म्हणालीस. मी म्हटलं, आमच्याकडे भात असतो. "शिकंल," तू सासूला म्हणालीस, आणि लग्न ठरलं.

तुला मूल झालं नाही म्हणून मला आणलं आणि मलाही झालं नाही. त्याबद्दल तू एकदाच बोललीस. "आता तरी लोकास्नी कळंल दोष कुणाचा व्हता." नवऱ्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं बोललीस. तो बिचारा गोठ्यात जाऊन बसला.

मग साथीत तो गेला. तीन दिवसांचा ताप. सासूही त्याच महिन्यात. घरात आपण दोघी उरलो आणि उरल्याबरोबर भांडायला लागलो. चुली वेगळ्या झाल्या. एकाच स्वयंपाकघरात दोन कोपऱ्यांत दोन चुली आणि मध्ये धूर. शेवटी वाटणी करून घ्यायची ठरलं. तेवढ्या एका गोष्टीवर आपलं एकमत झालं. चिकोडीला एकाच गाडीतून गेलो, एकमेकींकडे पाठ करून बसलो.

वकिलांनी तपकीर ओढली, दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोयीसाठी मध्ये बांध घाला, वेगळं पिकवा, वेगळं खा. मालकी मात्र फुटायची नाही. दोन मालक असते तर वाटणी झाली असती. तुम्ही दोन नाही. नवऱ्याच्या मागं तुम्ही दोघी मिळून कायद्याच्या लेखी एक."

"एक काय?" तू विचारलंस.

"एक मालक. एक बाई म्हणा."

तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंस. "आमचं भांडण ऐकलंय का सरकारनं कदी?"

वकिलांची तपकीर धोतरावर सांडली. येताना गाडीत तू माझ्याकडे तोंड करून बसलीस. "एक बाई हाय म्हणत्यात तर ऐक. हात माझं, तोंड तुझं. पोट कुणाचं ते बगू घरी गेल्यावर." घरी गेल्यावर एक चूल मोडली. माझी मोडली, कारण तुझी जास्त चांगली पेटायची.

*

गावानं हे फारच मनावर घेतलं. कोर्टानं दोघींना एक केलं आहे, ही बातमी आपल्या आधी गावात पोचली होती. माळाईच्या जत्रेत घराघराला मानाचा नारळ मिळतो. पूर्वी आपल्याला थोरलीचा एक आणि धाकटीचा एक असे दोन यायचे. त्या वर्षापासून एक यायला लागला. तंबाखूच्या व्यापाऱ्यानं तर वेगळाच नियम काढला. बाहेरच्या सोप्यात बसून तो भाव सांगायचा, आपण आतून दाराआडून ऐकायचो, आणि दोघींचा होकार कानावर पडल्याशिवाय तो सौद्याची म्हणून रुमालाला गाठ मारायचा नाही. "एकीचा व्हय मला चालत न्हाय बायांनो. अर्धा मालक व्हय म्हणाला आणि अर्धा न्हाय म्हणाला तर माल कुणाचा?" उत्पन्न कुणीही विकावं, त्याला दोघींची गरज नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं. तो कानावर हात ठेवायचा. निपाणीच्या बाजारात त्याला कुणीतरी घाबरवलं होतं.

एका वर्षी तू माझ्याशी बोलत नव्हतीस. कारण मला आता आठवत नाही. तुला आठवत असणार. मी व्हय म्हटलं, तू गप्प. व्यापारी वाट बघत बसला. त्याचा चहा झाला, पान झालं. शेवटी आतून पितळी तपेल्यावर पळीचा आवाज आला, टण्.

"हे व्हय म्हणायचं का न्हाय?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"न्हाय असतं तर पळी तुझ्या डोस्क्यावर वाजली असती," तू म्हणालीस, आणि बोलून गेलीस म्हणून स्वतःवरच चिडलीस.

*

माळाईनं आपल्यावर दावा लावला ती गोष्ट मी अजून लोकांना सांगते, पण पूर्ण कुणाला सांगितली नव्हती.

तिचं इनामी शेत आपल्याला लागून. एका पावसाळ्यात ओढा फुटला आणि मधला बांध सरकला. पुजाऱ्यानं वहिवाटदार म्हणून चिकोडीच्या कोर्टात अर्ज दिला. त्याच्या नावानं नाही, देवीच्या नावानं. वकिलांनी आपल्याला समजावलं की कोर्टात देवी ही एक व्यक्ती धरतात. तिची जमीन असते, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. तिला बोलता येत नाही म्हणून लहान मुलासारखं तिच्या वतीनं दुसरा कुणी बोलतो, एवढंच.

तू मान डोलावलीस. तुला त्यात नवल वाटलं नाही. माळाई जिवंत आहे हे तुला कोर्टानं सांगायला नको होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी तू आंघोळ करून, पुरणाचा नैवेद्य आणि नारळ घेऊन देवळात गेलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "कोर्टात उबी राहनार हाय मी तिच्यासमोर. आदी सांगून याय नको?" दुसऱ्या दिवशी कोर्टात शिपायानं पुकारा केला, "माळाई देवी..." आणि तू बाकावरून उठलीस, वहाणा बाजूला काढल्यास आणि हात जोडलेस. न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "ही बाई कोण?" आपल्या वकिलांनी खाली बघत सांगितलं, "प्रतिवादी, साहेब."

तेवढ्यावर संपलं असतं. पण समोरच्या वकिलानं पुजाऱ्याला याचं कारण विचारलं, आणि पुजारी खरं बोलला. काल थोरल्या बाई स्वतः येऊन नैवेद्य देऊन गेल्या म्हणाला. मग त्या वकिलानं उभं राहून सांगितलं की प्रतिवादीनं वादीचा अधिकार कबूल केला आहे, खटला सुरू होण्याआधी तिच्या दारी जाऊन भेट दिली आहे. आपले वकील बाहेर आल्यावर तुझ्यावर ओरडले. "बाई, ती विरुद्ध पक्ष आहे. विरुद्ध पक्षाला कुणी नारळ देतं का?"

"पक्ष असंल हितं," तू म्हणालीस. "गावात ती आई हाय. आईवर दावा असला म्हनून जेवाय घालायचं न्हाय?"

शेवटी तडजोड झाली. मोजणी झाली, बांध पहिल्या जागी गेला, आपली थोडी पट्टी गेली. परत येताना तू म्हणालीस, "धाकटे, ती दगडाची. ती एकटी एक मानूस. आपण दोघी हाडामासाच्या, तर दोघी मिळून एक. कुटला हिशेब हा?"

मी म्हटलं, "तिला शेत हाय, पर शेतात पाय टाकता येत न्हाय. तिच्या नावानं पुजारी पिकवतो आणि पुजारी खातो. आपण निदान आपलं पिकवतो."

"म्हनून तर अर्धंच दिलंय. हातपाय असलेल्याला पुरं देत न्हाईत."

हे तू चेष्टेनं बोललीस की रागानं, ते मी विचारलं नाही. देवळावरून जाताना आता मला तेच आठवतं, आणि मी हात न जोडता पुढे जाते, मग चार पावलांवर थांबून जोडते.

*

दत्तकाचं भांडण मात्र आपण कधी संपवलं नाही. तुला मूल हवं होतं. दर दोन-तीन वर्षांनी तू विषय काढायचीस, कधी तुझ्या माहेरचा एखादा मुलगा, कधी भावकीतला. मी दर वेळी एकच म्हणायचे, "घे, आणि उद्यापासून त्याच्या बायकोला मीठ मागून घे." तू चार दिवस धुसफुसायचीस आणि विषय मिटायचा. मला वाटायचं, मी अर्धी मालक आहे, माझं अर्धं न्हाय म्हणतं आहे, म्हणून गाडा अडला आहे. मी त्या अडवण्याला फार जपलं. लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं, नवरा गेल्यावर कुणी विचारलं नव्हतं. इथं मी न्हाय म्हटलं की गोष्ट होत नव्हती.

शेवटचं भांडण या थंडीत झालं. अंगणात पानं उलटवत होतो. तुझा खोकला सुरू झाला होता.

"एक पोर घिऊया आता," तू म्हणालीस.

"पोटगीवर बसायची हौस आली व्हय?"

"तसं न्हाय. मी आदी गेले तर?"

"तर काय? सगळं माझ्या नावावर."

"मग नावासंगट बोलत बस."

मी हसले. तू हसली नाहीस. उत्तराची वाट बघितलीस, ते मला दिसलं. पण पानं वाळून कडक होत होती, ऊन उतरत होतं, काम पुढ्यात होतं. संध्याकाळी बोलू असं म्हणून मी उठले. संध्याकाळी तुला ताप होता. त्यानंतर आपण औषध, पेज, अंथरूण, एवढंच बोललो.

*

नाव कमी करायच्या आधी मी चिकोडीला वकिलांकडे जाऊन आले. ते फार थकले आहेत. काम आता मुलगा बघतो. पण माझं नाव ऐकून बाहेर येऊन बसले. मी विचारलं, मला आता वारसाचा अर्ज करावा लागेल का?

"कसला वारसा?" ते म्हणाले. "मालक एक होता, तो अजून आहे. त्यातलं एक माणूस कमी झालं, एवढंच. थोरल्या बाईंकडून तुमच्याकडे काही आलेलंच नाही. कायद्याच्या बाजूनं बघाल तर कुणी गेलं नाही."

ते मला धीर देत होते की कायदा सांगत होते, कुणास ठाऊक. मी म्हटलं, बरं. मग दत्तोबाचं सांगितलं. म्हटलं, आजवर मी संमती दिली नाही म्हणून राहिलं, आता मी एकटी आहे.

"तुमची संमती लागतच नव्हती," ते म्हणाले. "थोरल्या विधवेला दत्तक घ्यायचा असला तर धाकटीला विचारायची गरज नसते. धाकटीला घ्यायचा असला तर थोरलीला विचारावं लागतं. वाटणीसाठी आला होतात ना दोघी, तेव्हाच मी त्यांना सांगितलं. तुम्ही बैलांना पाणी दाखवायला गेला होता."

मी विचारलं, मग आक्का काय म्हणाली?

"म्हणाल्या, हे धाकटीला सांगू नका. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, मग ती भांडायची न्हाय."

मी नमस्कार केला आणि उठले. मोटारीला वेळ होता. स्टँडवर एक बाई शेंगा विकत होती. तिच्याकडून शेंगा घेतल्या आणि सोलत बसले, एकही खाल्ली नाही. टरफलं एका बाजूला आणि दाणे एका बाजूला.

इतकी वर्षं, आक्का. तुला हवं होतं तेव्हा उठून एखादं मूल मांडीवर घ्यायचं होतं. पुरोहित आणि चार माणसं, एका सकाळचं काम. मी घरात आदळआपट केली असती आणि त्याचा काडीइतका उपयोग झाला नसता. तू म्हातारपणी आई झाली असतीस. ते तू केलं नाहीस. दर वेळी मला विचारलंस, मी न्हाय म्हटलं, तू धुसफुसलीस आणि थांबलीस. माझ्या न्हायला कोर्टात किंमत नव्हती. ती या घरात होती, कारण तू ती ठेवलीस. याबद्दल काय बोलतात मला माहीत नाही. आपल्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती. तू कधी मानले नाहीस, मीही नाही.

राग मात्र आला, तोही सांगते. मला सांगायचं होतंस. मी भांडले असते. तेव्हाही भांडले असते.

*

घराचं विचारशील तर व्यवस्थित आहे. म्हैस आटली आहे. पाठीमागची भिंत सारवून घेतली. तुझी वाकळ धुवून वाळवली, ती आता कुणाला द्यायची ते ठरत नाही. स्वयंपाकाचा अंदाज चुकतो. कमी करायचा म्हटलं तर फारच कमी होतं आणि मी उपाशी उठते. दुपारी शेजारणी येऊन बसतात, पण त्या माझ्या बोलण्याला व्हय व्हय म्हणतात. मी म्हटलं यंदा पाऊस लवकर येईल, की व्हय. मी म्हटलं उशिरा येईल, की तेही व्हय. अशा माणसाशी किती वेळ बोलणार? मी दाणे निवडायला घेते, त्या उठून जातात.

इथवर लिहून ठेवलं होतं. मध्ये सोमवार होऊन गेला, म्हणून पुढचं लिहिते.

दत्तोबा सकाळीच आला. नवं धोतर, हातात पेढ्यांचा पुडा. सोप्यात बसला. मी त्याला पाणी दिलं, गूळ दिला. आता दाराआड उभं राहायचं कारण उरलेलं नव्हतं, म्हणून समोर जोत्यावर बसले.

"काय ठरलं वैनी?"

"न्हाय घेत," मी म्हटलं.

तो शांतपणे म्हणाला, "एवढ्यात न्हाय म्हनू नगा. इचार करून सांगा."

"केला की इचार."

"एकटीनं कसला इचार? उद्या आजारी पडलासा तर?"

"तर तू हायस की. डॉक्टर तू आणशील. आक्काला आणलास तसा. आणि मी गेल्यावर सगळं तुझ्याच घरात येणार हाय. थोडं थांब."

त्याला वाईट वाटलं, ते दिसलं. तो हावरा नाही, हे तुलाही माहीत होतं. त्याला नातवाचं बघायचं आहे. मलाही ते कळतं. पण आजवर माझं न्हाय तू सांभाळलंस, आता ते मला सांभाळायला हवं. नाहीतर तू एवढं सोडलंस ते कशासाठी? मला हे त्याला समजावता आलं नसतं, म्हणून समजावलं नाही.

पेढ्यांचा पुडा त्यानं तसाच ठेवला. उठला नाही. बाहेर बघत बसून राहिला, मध्येच आतल्या दाराकडे बघायचा. सवयीनं त्याला वाटत असावं की अजून आतून कुणीतरी काही बोलायचं आहे. मलाही तसंच वाटत होतं.